भिंत वाकडी, फळी सरळ
सुतारकामातील संगणकीय यंत्रे आणि लेझर मोजमाप : प्रस्तावना

परभणी जिल्ह्याची जमीन काळी. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या काठची ही माती कापसाला, तुरीला, सोयाबीनला मानवते. घराच्या पायाला मात्र ती स्वस्थ बसू देत नाही. दरवर्षीच्या या फुगण्या-आकसण्यात जोते हलते, गिलाव्याला तिरप्या चिरा जातात. गवंड्याच्या हाताप्रमाणे गिलाव्याची जाडी बदलते, ती वेगळीच. सेलूतल्या जुन्या घरात जा किंवा परभणीच्या नव्या वसाहतीत जा, छतापासून ओळंबा सोडला तर दोरी आणि भिंत यांच्यातले अंतर वरपासून खालपर्यंत सारखे राहिले आहे, असे क्वचितच दिसते.

अशा भिंतीला लागून कपाट उभे करायचे आणि दारे लावल्यावर फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे, हे सुताराचे रोजचे काम. आता या कामात संगणकाच्या हुकमावर चालणारे यंत्र आले आहे. त्याने कापलेली फळी चोख काटकोनात निघते. भिंत मात्र होती तशीच आहे. या दोघींचा मेळ कसा घालायचा, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

यंत्राची चर्चा हल्ली पुष्कळ होते, मोजमापाची फारशी होत नाही. यंत्राला भिंत दिसत नाही. त्याला दिलेला आकडा तेवढा कळतो. आकडा चुकला तर चुकीची फळीही ते तितक्याच चोखपणे कापून देते. म्हणून या पुस्तिकेत मी एकच आग्रह धरला आहे. सुताराने आधी मोजमापावर हुकमत मिळवावी, मग आराखड्यावर, आणि त्यानंतर यंत्राकडे जावे. हा क्रम उलटला की यंत्राचे हप्ते सुरू होतात आणि प्लायवूडचे तुकडे कोपऱ्यात साचत जातात.

हा प्रश्न आजच एवढा मोठा का झाला, हे समजण्यासाठी आपल्याकडची जुनी घरे पाहावी लागतात. मराठवाड्यातले माळवदाचे घर खणांवर बांधले जाई. दोन खांबांमधल्या जागेचे ते माप ठरले की तुळया, चौकटी, कोनाडे सगळे त्याच्या हिशोबात येत. भिंतीतले फडताळ हे आपले मूळचे बसते कपाट. त्याची सागवानी चौकट आधी उभी राही आणि गवंडी तिच्या कडेने भिंत चढवी. गवंडी आणि सुतार एकाच वेळी कामावर असत आणि सुताराच्या गुण्याला भिंत मान देई. आज हा क्रम पूर्ण फिरला आहे. भिंत होते, गिलावा होतो, फरशी बसते, ओट्याचा कडप्पा बसतो, नळाचे आणि विजेचे पाइप जातात आणि सगळ्यात शेवटी सुताराला बोलावले जाते. आधीच्या सगळ्यांच्या हातून राहिलेला फरक त्याच्या कपाटाने झाकायचा असतो. पूर्वीच्या सुताराला एवढे मोजावे लागत नसे, कारण माप तोच ठरवत असे. आजच्या सुताराला दुसऱ्यांनी सोडलेली जागा मोजावी लागते.

मधल्या काळात घरातले सामान ठेवण्याची रीतही बदलली. गोदरेजने १९२३ साली पोलादी कपाट बाजारात आणले आणि पुढे लग्नाच्या रुखवतापर्यंत लोखंडी कपाटाने जागा मिळवली. ते कपाट भिंतीपासून वीतभर सुटे उभे राही. भिंत कललेली असली तरी कोणाच्या लक्षात येत नसे. प्लायवूड आणि सनमायका आल्यावर कपाट पुन्हा भिंतीत शिरले. स्वयंपाकघरात ओट्याखाली ट्रॉल्या आल्या, वर शटरचे कप्पे आले, देवघरही भिंतीला जोडले गेले. भिंतीपासून भिंतीपर्यंत आणि फरशीपासून छतापर्यंत काम जाऊ लागले, तशी दोन सुतांची चूकही डोळ्यांत खुपू लागली.

आता यंत्राकडे वळू. ठरलेल्या आज्ञा छिद्रांच्या रूपाने लिहून त्या यंत्राकडून करवून घेण्याची कल्पना विणकामातून आली. फ्रान्समध्ये जॅकार्डने १८०४ च्या सुमारास पुठ्ठ्यावरच्या छिद्रांनी मागाचे धागे उचलण्याची व्यवस्था केली. येवल्याला माग पाहिलेल्यांना असे पुठ्ठे ओळखीचे असतील. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांची वक्र मापे छिद्रांच्या कार्डांवर चालणाऱ्या गणनयंत्रावर काढत होते. त्या कामातून एमआयटी या संस्थेत छिद्रांच्या फितीवर चालणारे कापयंत्र तयार झाले आणि १९५२ मध्ये ते लोकांना दाखवण्यात आले. तीच आजच्या सीएनसीची, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या यंत्राची, सुरुवात. यंत्राला तीन दिशा कळतात: आडवी, उभी आणि खोली. अमुक ठिकाणी जा, इतके खाली उतर, अमुक वेगाने पुढे सरक, अशा ओळीमागून ओळी त्याला दिल्या जातात. विमानाच्या कारखान्यातून हे तंत्र लाकडाच्या मोठ्या कारखान्यात आले. छोट्या दुकानाला परवडेल असे यंत्र विकणारी शॉपबॉट ही कंपनी अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झाली.

हे सगळे परदेशात किंवा महानगरातच घडले असे समजण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचे, हा त्याचा पाया. याच पाबळला २००२ मध्ये एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, उभी राहिली. संगणकावर आखायचे आणि यंत्राने कापायचे, हे काम शहरातल्या अनेक कारखान्यांच्या आधी एका मराठी खेड्यातल्या मुलांनी हाताळले. यासाठी पदवी लागते किंवा इंग्रजी पक्के लागते ही भीती निराधार आहे, हे पाबळने केव्हाच दाखवले.

आपल्या भागात सीएनसी म्हटले की लोकांना जाळी आठवते. देवघराच्या दारावरची एमडीएफची नक्षी, दिवाणखान्यातले ओम, हॉलमधल्या पडदीतली वेलबुट्टी. हे काम डोळ्यांत भरते, म्हणून यंत्रवाल्याच्या दुकानातही नमुने त्याचेच लावलेले असतात. माझ्या मते यंत्राची खरी किंमत साध्या खोक्यात आहे. दोन बाजू, एक तळ, एक माथा, एक पाठ आणि त्यांवर शे-दीडशे छिद्रे. युद्धोत्तर जर्मनीत फर्निचरच्या कारखान्यांनी एक पद्धत बसवली. बाजूच्या फळीवर पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटर आत ५ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रांची उभी ओळ घ्यायची आणि दोन छिद्रांच्या मध्यांतले अंतर ३२ मिलिमीटर ठेवायचे. बिजागरीची पट्टी, ड्रॉवरचा चॅनल, फळीचा टेकू, सगळे याच छिद्रांत बसते. शटरमध्ये बिजागरीच्या वाटीसाठी ३५ मिलिमीटरचा खड्डा घ्यायचा. आज परभणीच्या हार्डवेअर दुकानात मिळणारी सॉफ्ट-क्लोज बिजागरीही याच मापाला धरून बनलेली असते. ही छिद्रे हाताने पाडायची तर प्रत्येक ठिकाणी खूण, प्रत्येक ठिकाणी ड्रिल आणि कुठेतरी अर्ध्या सुताची चूक ठरलेलीच. यंत्र ती एका दमात पाडते आणि डावी-उजवी बाजू एकमेकींचे अचूक प्रतिबिंब निघते.

दुसरा लाभ लाकडाच्या हिशोबात आहे. आठ बाय चारचा तक्ता म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. एका स्वयंपाकघराचे चाळीस-पन्नास तुकडे अशा तक्त्यांवर कसे मांडावेत की कातरण कमीत कमी पडेल, हे संगणक काही क्षणांत सांगतो. कटरची रुंदीही तो हिशोबात धरतो. जाणता मिस्त्री हे गणित डोक्यात करतोच. पण गिऱ्हाइकाने शेवटच्या दिवशी एक कप्पा वाढवला तर डोक्यातले गणित पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागते; संगणकावर आकडा बदलला की मांडणी बदलते.

आता आकड्यांचा एक धडा जवळून पाहू, कारण सगळा खेळ त्यातच आहे. ६९० मिलिमीटर रुंदीचे खोके करायचे आहे. प्लाय १८ मिलिमीटरचा. दोन्ही बाजूंचे मिळून ३६ वजा केले की तळाची फळी ६५४ ची. कागदावर हे बरोबर आहे. पण १८ म्हणून विकत घेतलेल्या प्लायला व्हर्नियर लावला आणि जाडी १७.२ भरली, तर तेच खोके ६८८.४ होते. अशी तीन खोकी शेजारी-शेजारी उभी केली की ओळ ४.८ मिलिमीटरने, म्हणजे दीड सुताने कमी पडते. ओट्याच्या दगडाची कड आणि शटरची कड मग जुळत नाहीत. यंत्राची यात काही चूक नसते, त्याला १८ सांगितले होते. म्हणून प्रत्येक नव्या खेपेचा तक्ता मोजूनच जाडीचा आकडा भरायचा. दोन मिनिटांच्या या सवयीने जेवढा माल वाचतो, तेवढा महागड्या सॉफ्टवेअरने वाचत नाही.

तक्ता मोजण्यापेक्षा भिंत मोजणे अवघड. इथे लेझर कामाला येतो. १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर पेटवला आणि १९९३ मध्ये हातात धरून अंतर मोजण्याचे पहिले लेझर उपकरण बाजारात आले. समोरच्या भिंतीवर प्रकाश जाऊन परत येतो आणि त्यात पडलेल्या फरकावरून उपकरण अंतर काढते. तीन मीटरवरची भिंत गाठून परत यायला प्रकाशाला सेकंदाचा सुमारे पाच कोटीवा भाग लागतो. एवढा सूक्ष्म हिशोब मुठीतल्या डबीत होतो, ही मोठीच गोष्ट आहे. पण भारावून जाण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. साध्या लेझर मापकात दीड-दोन मिलिमीटरची चूक धरलेलीच असते. आपले एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरांच्या आतबाहेर. म्हणजे लेझरची चूक अर्ध्या सुताच्या पलीकडे जाऊ शकते. मीटरभराच्या आतले माप चांगल्या स्टीलच्या टेपनेच घ्यावे. लेझरचा उपयोग लांब भिंत, छताची उंची आणि खोलीचे कर्ण यांसाठी. जिथे टेप मध्येच झोळ खातो आणि दुसऱ्या टोकाला माणूस धरावा लागतो, तिथे तो खरा उपयोगी.

यापेक्षाही मोलाचे उपकरण म्हणजे रेषा टाकणारा लेझर. तिपाईवर ठेवला की भिंतीवर एक आडवी आणि एक उभी लाल किंवा हिरवी रेष उमटते. ओळंबा आणि पाणी भरलेली नळी जे काम करत आले, तेच हा एकाच वेळी सगळ्या खोलीत करतो. त्याची गरज का आहे, हे एका उदाहरणाने सांगतो. दोन भिंतींमध्ये कपाट बसवायचे आहे. खाली, मध्ये आणि वर रुंदी मोजली. तिन्ही ठिकाणी २१३४ आली. म्हणजे जागा चोख आहे असे वाटते. पण दोन्ही भिंती एकाच बाजूला एक अंशाने कललेल्या असल्या तरी रुंदी तिन्ही ठिकाणी सारखीच येणार. २४०० मिलिमीटर उंचीवर एक अंशाचा कल ४२ मिलिमीटर होतो. म्हणजे उभ्या चोख कपाटासाठी जागा २१३४ ची नसून २०९२ चीच आहे. नुसत्या रुंदीवर विसंबून कारखान्यातून कापून आणलेले कपाट जागेवर उभेच राहणार नाही. म्हणून आधी उभी रेष टाकायची आणि त्या रेषेपासून डाव्या-उजव्या भिंतीचे अंतर हातहातभर उंचीवर टिपायचे. भिंतीचे पोट आणि खड्डा कागदावर उतरतात. आडव्या रेषेने फरशीचा उतार कळतो; स्वयंपाकघरात तो बहुधा मोरीकडे असतो.

इतके मोजल्यावर मिळालेली २०९२ ची जागा पूर्ण भरायची नसते. ६७० ची तीन खोकी घेतली तर २०१० होतात आणि ८२ उरतात. दोन्ही बाजूंना रुंद पट्ट्या सोडायच्या आणि त्या पट्ट्या जागेवर भिंतीच्या रेषेबरहुकूम रंध्याने तासून बसवायच्या. कपाट काटकोनात राहते, दारे सुरळीत उघडतात आणि भिंतीचा वाकडेपणा पट्टीच्या मागच्या कडेत जिरतो. यंत्राचे काम जिथे थांबते, तिथून मिस्त्रीच्या हाताचे सुरू होते, ते असे. पट्टी तासणारा हात कच्चा असेल तर लाखो रुपयांच्या यंत्राने कापलेले कपाटही भाड्याने आणल्यासारखे दिसते.

आपल्या भागातल्या काही अडचणी परदेशी माहितीपुस्तकात सापडणार नाहीत, म्हणून त्या इथे मुद्दाम घेतल्या आहेत. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या खिडकीच्या खोलीत लाल ठिपका दिसत नाही. माप सकाळी लवकर घ्यावे किंवा खिडकीवर चादर टाकावी. काच, आरसा आणि चकचकीत टाइल यांवर ठिपका फसवतो. तिथे पांढरा पुठ्ठा धरावा. मापकात अंतर पुढच्या कडेपासून धरायचे की मागच्या, हे ठरवण्याचे बटण असते. ते चुकून दाबले गेले तर उपकरणाच्या लांबीएवढी चूक येते आणि ती सगळ्या मापांत सारखीच असल्याने लक्षात येत नाही. कामाला लागण्यापूर्वी टेपने मोजलेल्या एका अंतरावर मापक तपासून घ्यावा. यंत्राच्या बाबतीत विजेचा प्रश्न आहे. कापणी मधेच थांबली तर यंत्र आपली जागा विसरू शकते आणि तक्ता वाया जातो. फिरत्या कटरला पूर्ण दाबाची, खंड न पडणारी वीज लागते.

लाकडाच्या स्वभावाचे भान यंत्राला नसते. सागवानी शटर श्रावणात फुगते आणि चैत्रात आकसते. प्लायवूड तितके हलत नाही. एमडीएफला पाणी लागले की ते सुजते आणि पुन्हा पूर्वीसारखे होत नाही. संगणक तिन्हींना सारखीच फट देईल. सागवानाला किती जास्त द्यायची, हे आपल्या हवामानात वर्षानुवर्षे काम केलेला मिस्त्रीच सांगू शकतो. ओट्याखालच्या कामाला साधा प्लाय वापरायचा की पाण्याला टिकणारा आयएस ७१० चा, हेही तोच ठरवतो. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. यंत्राची धूळ हाताच्या करवतीच्या भुशापेक्षा बारीक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्येच कर्करोगकारक म्हणून नोंदवली आहे. धूळ ओढणारे यंत्र आणि तोंडावर चांगला मास्क हा खर्च टाळण्याजोगा नाही. नाकाला रुमाल बांधून भागत नाही.

यंत्र आले की सुताराचे पोट जाईल का, हा प्रश्न मला ठिकठिकाणी विचारला जातो आणि तो रास्त आहे. मोठे कारखाने आपल्या दारात आलेलेच आहेत. नागपूरच्या स्पेसवूडसारख्या उद्योगाने विदर्भात बसून देशभर फर्निचर पाठवले. परभणीचे गिऱ्हाईक नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला जाऊन तयार किचन पसंत करून येते. त्या व्यवहारात गावातल्या सुताराला काम उरते ते पेट्या उघडून स्क्रू आवळण्याचे. यंत्राकडे पाठ फिरवून हे थांबणार नाही. माप आणि आराखडा सुताराच्या हातात असेल, तर कापणी कोणीही करून दिली तरी काम त्याचेच राहते.

त्यासाठी प्रत्येकाने यंत्र घेण्याची गरज नाही, आणि तसे करूही नये. एका यंत्राची भूक एका दुकानाच्या कामाने भागत नाही. एमआयडीसीतल्या किंवा गावातल्या यंत्रावर जॉबवर्कने कापून घ्यावे. दहा-पंधरा मिस्त्री एकत्र आले तर सरकारच्या समूह विकास योजनांमधून सामूहिक सुविधा केंद्राची वाटही खुली आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, विश्वकर्मा जयंतीला आणि आपल्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत आणि सुतारकाम त्यांत आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आणि आधी एक लाख, मग दोन लाख असे पाच टक्के व्याजाचे कर्ज, अशी तिची रचना आहे. यातून मोठे सीएनसी यंत्र येणार नाही हे उघड आहे. लेझर मापक, रेषा टाकणारा लेझर, व्हर्नियर आणि साधा संगणक एवढे मात्र आवाक्यात येते, आणि सुरुवातीला लागते तेवढेच.

पुस्तिकेचे चार भाग केले आहेत. पहिला मोजमापाचा: भिंत, फरशी, कोपरा आणि त्यांची टिपणे. दुसरा आराखड्याचा: खोके, शटर, छिद्रांची ओळ आणि कटिंग लिस्ट. तिसरा यंत्राचा: कटर, वेग, तक्ता धरण्याच्या रीती, यंत्रवाल्याशी बोलताना विचारायचे प्रश्न. चौथा बसवणीचा, आणि तो मुद्दाम सगळ्यात मोठा आहे. इंच आणि सूत सोडा असे कोणालाही सांगितलेले नाही. गिऱ्हाइकाशी फुटातच बोलावे. पण वहीत आणि संगणकात मात्र मिलिमीटरच लिहावेत, कारण दोन मापे एकाच कागदावर आली की गोंधळ होतोच.

वाचणाऱ्या मिस्त्रींना माझी विनंती आहे. पहिला भाग वाचून झाला की यंत्राची चौकशी करायला निघू नका. आधी स्वतःच्या घरातली एक भिंत निवडा. रेष टाका, हातहातभर उंचीवर अंतरे टिपा, दोन्ही कर्ण मोजा आणि त्या जागेत बसेल अशा कपाटाची कटिंग लिस्ट मिलिमीटरात लिहून काढा. ती लिस्ट शेजारच्या मिस्त्रीला तपासायला द्या आणि त्याची तुम्ही तपासा. सलग तीन याद्यांत चूक निघाली नाही, की चौथी बेलाशक यंत्रावर पाठवा.